एक दात किंचित वाकडा

त्याने दोन्ही हात सोडले. ट्रामचे रूळ ओलांडून आम्ही नुकते नदीकाठच्या रुंद रस्त्याला लागलो होतो. ऊन चढलं होतं, आणि माझ्या थोडं पुढे चाललेल्या माझ्या नवऱ्याने हँडलवरचे दोन्ही हात उचलून अंगातलं जाकीट काढलं. आधी एक बाही, मग दुसरी. ते कमरेभोवती गुंडाळलं, बाह्यांची गाठ मारली, गाठ घट्ट बसली का ते चाचपून पाहिलं, आणि मग काही घाई नसल्यासारखे हात परत हँडलवर ठेवले. एवढ्या वेळात सायकल जराही इकडेतिकडे झाली नाही. उलट मध्येच कमरेला हलका झोका देऊन त्याने रस्त्यातला एक खड्डासुद्धा चुकवला. आणि तो शीळ घालत होता. "अरे, हँडल धर!" हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. गेल्या हिवाळ्यात मी ते इतक्या वेळा ओरडले होते की ते आपोआपच वर आले, पण ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिले. कारण ज्याला ते सांगायचं तो माणूस समोर नव्हताच. समोर एक सैल, निवांत पाठ होती, उभा जन्म सायकलवर काढलेल्या माणसाची. ती पाठ माझ्या ओळखीची नव्हती.

माझा नवरा गेल्या हिवाळ्यात सायकल शिकला. मी शिकवली. हे मी किती जणांना सांगितलं असेल याला गणती नाही. शाळेत शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, लेकीला फोनवर सांगितलं, विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं, ती बिचारी झोपायला बघत होती. काल सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानात भाषेची अडचण होती, तर खुणा करून सांगितलं: मी गुरू, हा शिष्य. दुकानदारीण खूप हसली आणि नवशिका म्हणून तिने त्याची सीट खाली करून दिली. आता आठवतं, बाहेर आल्यावर मी नकाशा उलगडत होते, तेव्हा त्याने सीट कमरेच्या हाडाशी लावून पाहिली आणि गुपचूप परत वर घेतली होती. अंगठ्याने टायर दाबून हवाही बघितली होती. मला वाटलं, काय तयारीचा निघाला माझा विद्यार्थी! कौतुकाने माणसाच्या डोळ्यांवर झापड येते ती अशी.

शहर आमच्यावर खूश होतं, असं मला सकाळपर्यंत वाटत होतं. या गावात सायकलवाल्याला जावयाचा मान. त्याला वेगळी वाट, वेगळा दिवा, मोटारी अदबीने थांबणार. बायका सायकलला पुढे जोडलेल्या खोक्यात दोन-दोन पोरं आणि आठवड्याची भाजी भरून भरधाव जात होत्या, एक म्हातारा कुत्र्याला टोपलीत बसवून त्याच्याशी गप्पा मारत चालला होता, चौकाचौकात कोणी ना कोणी वाजवत होतं, गात होतं, आणि घंटांचा किणकिणाट तर अखंड. काल दिवसभर आम्ही नुसते हुंदडलो. पुलावर चढलो, उतारावरून पाय पसरून सुसाट आलो, वाट चुकलो, फुलांच्या बाजारात शिरलो, एका बाकावर बसून पाव खाल्ला. मी इतकी हसले की संध्याकाळी गाल दुखत होते. पन्नाशी उलटलेली गणिताची बाई, फळ्यासमोर उभं राहून पायांच्या शिरा फुगलेली, आणि वाऱ्यावर केस सोडून परक्या गावात फिरतेय. आणि तेही नवऱ्याच्या मागे मागे नाही, कधी मी पुढे, कधी तो. या सुट्टीसाठी मी वर्षभर जीव टाकला होता. आमच्या दोघांची म्हणून जी एकच गोष्ट होती, तिचा हा सोहळा होता. बाकी घर त्याच्या आईने लावून दिलेलं, सासर-माहेरच्या रीती आयत्या मिळालेल्या, लेक तिच्या तिच्या वाटेने मोठी झाली. सायकल मात्र आम्ही दोघं मिळून, कोऱ्या पाटीवर, एकत्र शिकलो होतो.

आता त्या पाठीकडे बघत मी पॅडल मारत होते. पाय आपले फिरत होते. मला लग्नानंतरचे पहिले महिने आठवले, ती दोन खोल्यांची जागा, खिडकीखाली भिंतीला टेकून ठेवलेली शेजाऱ्यांची सायकल. माहेरी मला सायकलला हात लावू दिला नव्हता. मोठ्या भावाची सायकल होती, तिची घंटा वाजवली तरी आई अंगावर यायची. लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी एक बेत केला होता, आणि चांगली ओळख झाल्यावर, धीर करून, चहाचा कप पुढे करताना विचारलं होतं, "अहो, मला सायकल शिकवाल का?" त्यांनी कपात बघत म्हटलं होतं, "मलाच कुठे येते?" एवढंच. मला आठवतं, मला त्यांची दया आली होती. पुरुषमाणसाला सायकल येत नाही, कोणी हसलं असेल, मनाला लागलं असेल, असं वाटून मी तो विषय कायमचा मिटवला. नुसता मिटवला नाही, सांभाळला. चारचौघांत कोणी सायकलचं काढलं की मी बोलणं दुसरीकडे वळवायची. एकदा भाच्याच्या लग्नात नणंद सगळ्यांना सांगत होती, "दादा आम्हा दोघी बहिणींना एकदम न्यायचा, एक पुढे दांडीवर, एक मागे, आणि घाटातून असा सोडायचा!" तेव्हाही मला वाटलं, ही थोरल्या चुलतभावाबद्दल बोलतेय. हे लगेच पाणी प्यायला उठले होते. मीच पाणी आणून दिलं.

मग लेक नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली, घर गप्प झालं, आणि शाळेमागच्या मैदानावर बायकांसाठी सायकलचे वर्ग निघाले. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही सगळ्या शिट्टीबाई म्हणायचो, कारण त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असे आणि रागवायचं झालं तर त्या बोलत नसत, वाजवत. त्यांनी मला उभं केलं. पडले, गुडघे फुटले, साड्यांना तेलाचे डाग पडले म्हणून पंजाबी ड्रेस शिवले, आणि एके दिवशी शिट्टीबाई मागून "धरलंय, धरलंय" म्हणत पळत होत्या आणि मी वळून पाहिलं तर त्या लांब मैदानाच्या टोकाला उभ्या. त्या दिवशी घरी येऊन मी अक्षरशः नाचले. ते जेवत होते. मी म्हटलं, "आता मी तुम्हाला शिकवते." त्यांचा घास हातातच राहिला. मग हळूच म्हणाले, "या वयात? मला जमेल?" मी म्हटलं, न जमायला काय झालं!

तो हिवाळा! सकाळी मैदानावर दव असायचं, आम्ही दोघंच. तो सायकलवर, मी मागे सीटला धरून पळतेय. हो, तो. घरात मी त्यांना आजही अहो-जाहो करते, पण मागे पळताना, धाप लागलेली, पडतो की काय या भीतीने माझ्या तोंडून निघालं, "पुढे बघ! पॅडल मार, मार ना!" आणि मग जीभ चावून थांबले, तर तो हसत म्हणाला, "राहू दे की. बाईंनी मुलाला अहो म्हणायचं असतं का?" तेव्हापासून सायकलवर तो तू झाला. खाली उतरलं की तुम्ही. या शहरात आल्यापासून तर मी दिवसभर तूच म्हणत होते, आणि मला सारखं वाटत होतं की आमचं लग्न आत्ता कुठे लागतंय. तो बरेचदा पडला. कधी डावीकडे झुकायचा, कधी ब्रेकऐवजी पाय टेकवायचा, "अगं आई गं" म्हणत बसकण मारायचा आणि पहिल्यांदा चष्मा शोधायचा. एकदा कोपर चांगलंच सोललं. मी मैदानावर मांडी घालून बसून ते पुसलं, औषध लावलं, फुंकर घातली, आणि तो चष्म्यावरून माझ्याकडे एक नजर टाकून म्हणाला, "तू आहेस म्हणून." सव्वीस वर्षांच्या संसारात असं वाक्य मला मिळालं नव्हतं. ते मी पदराआड जपून ठेवलं. एकटी असले की काढून बघायची.

शेवटी मीही शिट्टीबाईंनी शिकवलं तेच केलं. "धरलंय, धरलंय" म्हणत हात सोडला. सोडताना मनात आलं होतं: आपण त्याला फसवतोय, त्याचा विश्वास आपल्या आवाजावर आहे. तो पुढे गेला, दूर गेला, ओरडला, "सोडू नकोस हं!" आणि मी रडले. आता कळतंय की हात सुटला ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं. सीटवरचा भार कमी झालेला सायकलवाल्याला कळतोच. कळलं, आणि मग तो ओरडला, "सोडू नकोस." नदीकाठच्या रस्त्यावर, एवढ्या गर्दीत, हे लक्षात आलं तेव्हा मला कोणीतरी भर वर्गात उभं करून हसल्यासारखं वाटलं. कानशिलं तापली. मागून घंटा वाजल्या, मी वाटेच्या मधोमध रेंगाळत होते. एक तरुणी मला वळसा घालून गेली आणि जाताना गोड हसली. मीही हसले. सवय.

परीक्षेच्या वेळी सगळे मला घाबरतात. कोण पोर मान किती वळवतंय, कोण उगाच खोकतंय, दोन पेपरांत एकच चूक कशी आली, हे मला दारातून कळतं. अख्खी शाळा म्हणते, बाईंच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. आणि या माणसाच्या पेपरात मी भरभरून मार्क देत बसले. कसं सुटलं माझ्या नजरेतून? मग आठवलं. माझा नवरा कवळ्या करतो. दंतवैद्य साचे पाठवतात, आणि हा आपल्या लहानशा खोलीत ज्योतीवर मेण वितळवत, भिंग लावून दात बसवतो. गावात किती लोक त्याचे दात दाखवून हसतात ते त्यालाच ठाऊक, कारण दुसऱ्या कोणाला ते ओळखूच येत नाहीत. नवी नवरी असताना मी विचारलं होतं, इतके खरे कसे वाटतात? तेव्हा खुलून त्याने मला एक कवळी हातात दिली होती. "नीट बघ. सगळे सारखे, शुभ्र, सरळ बसवले की बघणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून एक दात किंचित वाकडा ठेवायचा. एखाद्याला जरा पिवळी झाक द्यायची. एवढा दोष ठेवला की कुणाला शंका येत नाही." मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता त्याच्या कलेचा.

नदीकाठचा रस्ता एका मोठ्या चौकात उघडत होता. तिथे कारंजं होतं, बाकं होती, दोघंजण ढोलक्यासारखं काहीतरी वाजवत होते आणि येणारेजाणारे सामान खाली ठेवून चार पावलं नाचून पुढे जात होते. मी उतरले. त्याला हाक मारली नाही. तो बराच पुढे जाऊन, मी नाही हे बघून परत आला, आणि सायकल थांबायच्या आधीच एक पाय मागून फिरवून, एका पॅडलवर उभा राहून, तरंगत माझ्यापर्यंत आला. घरोघर पेपर टाकणारी मुलं उतरतात तसा. उतरल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते. चेहरा उतरला.

"दमलीस का?" तो म्हणाला.

"कधीपासून येते?"

"काय?"

"सायकल. कधीपासून येते तुला?"

तो कारंज्याकडे बघू लागला. मग चष्मा काढून शर्टाला पुसू लागला. "लहानपणापासून," तो म्हणाला. "शाळेत असताना पेपर टाकायचो."

"मग मी विचारलं होतं तेव्हा का नाही म्हणालास?"

"अगं, नवीन लग्न. सगळी आळी ओट्यावर बसलेली. बायकोच्या सायकलमागे पळायचं म्हणजे... लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, येत नाही म्हणून. मग एकदा नाही म्हटलं ते म्हटलं."

"इतकी वर्षं?"

"तू परत विचारलंच नाहीस."

खरं होतं. मी विचारलं नव्हतं. मी त्याची अब्रू राखत बसले होते. "आणि मैदानावर?"

"तू केवढी खूश होतीस! नाचत आलीस घरात. मी शिकवते म्हणालीस. त्यावर काय सांगू, मला येते? तू म्हणाली असतीस, मग मला का नाही शिकवलंत? म्हटलं शिकू पुन्हा, काय बिघडतंय. तुझ्यासाठीच केलं सगळं. तुला आवडलं ना?"

आवडलं ना! कवळी बसवून आरसा पुढे करावा तसा त्याने तो प्रश्न माझ्यापुढे धरला. मला आवडलं होतं, हेच तर दुखणं होतं. आवडलं नसतं तर मी एवढ्यात हसून मोकळी झाले असते. मला त्या कोपराचं विचारायचं होतं, आणि उत्तर नको होतं.

"पडायचास ते?"

"थोडं पडायला नको? सरळ चालवली असती तर तुला कळलं असतं," तो म्हणाला, आणि स्वतःशीच थोडा हसला. त्या हसण्यात कारागीर होता. "कोपराला मात्र खरंच लागलं होतं हं. तो अंदाज चुकला."

म्हणजे अंदाज चुकला तेवढंच खरं. मी त्याच्याकडे नीट बघितलं. हा वाईट माणूस नाही. हा माझ्या अंगावर कधी ओरडलेला नाही. हे सगळं मला माहीत होतं आणि त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. माझा हिवाळा गेला होता. दवाचं मैदान, धाप, ती एक ओळ, ते तू म्हणणं, सगळ्याला आता दोन माणसं होती: एक पळणारी आणि एक बघणारा. मला वाटत होतं मी त्याला चालवतेय, आणि तो मला खेळवत होता, जसं लहान मुलाच्या चिमुकल्या भांड्यातलं खोटं जेवण आपण मिटक्या मारत जेवतो.

"पडून दाखव," मी म्हटलं.

"काय?"

"मैदानावर पडायचास तसं. इथे. मला बघायचंय."

"वेडी आहेस का? एवढे लोक आहेत."

"मी शिकवा म्हटलं तेव्हाही लोकच होते. आळी होती."

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, इकडेतिकडे पाहिलं. "एवढ्याने राग जाणार आहे का तुझा?" असं पुटपुटत सायकलवर बसला, कारंज्याला एक फेरी घातली, आणि माझ्यासमोर आल्यावर डावीकडे झुकला, ब्रेकऐवजी पाय टेकवला, आणि "अगं आई गं" म्हणत फरशीवर बसकण मारली. पहिल्यांदा चष्मा चाचपला. सगळं तेच. झुकणं तेच, आवाज तोच, हात टेकायची पद्धत तीच. मला वाटत होतं जमणार नाही, काहीतरी वेगळं होईल, आणि मग मला म्हणता येईल की निदान एखादं तरी पडणं त्या मैदानावर नकळत झालं होतं. तसं काही झालं नाही.

मी जागेवरून हलले नाही. पण भाजीची पिशवी हातात घेतलेली, माझ्याच वयाची एक जाडजूड बाई पिशवी टाकून धावत आली. तिने त्याला बगलेत हात घालून बसतं केलं, आपल्या भाषेत च्च च्च केलं, रुमाल काढून ओला केला आणि मांडी घालून त्याचं कोपर पुसू लागली, जिथे काही लागलंही नव्हतं. त्याने "स्स्" केलं. आणि तिच्या डोक्यावरून, चष्म्याच्या वरून, माझ्याकडे एक नजर टाकली. जमलं का, असं विचारणारी. ती नजर मी ओळखली. तीच नजर होती, मैदानावरची, जिच्यामागून ते वाक्य आलं होतं.

बाई तेवढ्यावर थांबली नाही. तिने सायकल उचलली, हँडल सरळ केलं, त्याला खुणेने बस म्हणाली, आणि मागे जाऊन सीट धरली. तो गोंधळला. माझ्याकडे बघू लागला. मग तो बसला, आणि ती त्याच्यामागे पळू लागली, जड अंगाने, चपला फटफटवत, काहीतरी ओरडत. ते काय होतं ते मला भाषा न येताही कळत होतं. चार-सहा पावलांवर तिने हात सोडला आणि तरीही ओरडत राहिली. बाकावरच्या लोकांनी जल्लोष केला. तो पुढे गेला, आणि ती थांबून, कमरेवर हात ठेवून, माझ्याकडे वळली. तोंड लाल झालं होतं, केस कपाळाला चिकटले होते, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पाहिलंस, चालवला की नाही त्याला! असा तो चेहरा. जगात त्याहून भाबडं काही मी पाहिलं नाही. माझा चेहरा मला त्या हिवाळ्यात कोणी दाखवला नव्हता, तो आज दिसला.

तिला सांगायला हवं होतं. मला तिची भाषा येत नव्हती, पण खुणा येत होत्या; काल दुकानात मी खुणांनीच सगळं सांगितलं होतं. मी दोन्ही हात वर केले, आणि टाळ्या वाजवल्या. जोरजोराने, हसत. ती लाजली, तिने पिशवी उचलली, मला हात हलवून गर्दीत निघून गेली.

मी माझी सायकल घेतली. तो पुलाच्या अलीकडे पोचला होता आणि ती बाई अजून बघत असेल म्हणून हँडल किंचित डगमगतं ठेवत होता.